प्रत्येक हाताला काम, ऐपतीप्रमाणे कर

विषमतेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठराविक सूर ऐकू येतात. पहिला सूर म्हणतो, श्रीमंताची श्रीमंती हेच गरिबाच्या गरिबीचे एकमेव कारण. तेव्हा संघर्ष पेटवा, संपत्ती हिसकावून घ्या, मग सारे आपोआप समान होईल. दुसरा सूर म्हणतो, बाजाराच्या व्यवहारात हात घालू नका; आज वरच्या मजल्यावर साठलेले पाणी उद्या झिरपत झिरपत तळमजल्यापर्यंत पोहोचेलच. पहिल्या वाटेने गेलेल्या देशांची काय गत झाली, ते विसाव्या शतकाने पाहिले. दुसऱ्या सुराने दिलेले वचन कितपत खरे ठरले, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. हा हिशेब अर्धशतकभर, आवाज न चढवता आणि आकड्यांशी इमान राखून मांडणारा एक अर्थशास्त्रज्ञ ब्रिटनमध्ये होऊन गेला. रोजगार, कर आणि विषमता या तिन्ही प्रश्नांचा त्याने एकत्रित विचार केला. त्या विचाराची दखल आपणही घेणे अगत्याचे आहे.

सर अँथनी ॲटकिन्सन हे त्यांचे नाव. ४ सप्टेंबर १९४४ रोजी वेल्समधील कार्लीऑन येथे जन्मलेल्या या विद्वानाचे १ जानेवारी २०१७ रोजी निधन झाले. नोबेल पारितोषिक त्यांच्या वाट्याला आले नाही. परंतु विषमतेवर आज जगभर जे संशोधन चालते त्याचा पाया त्यांनी घातला, हे थॉमस पिकेटी यांच्यासारखे नामवंत संशोधकही मान्य करतात. तरुणपणी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या एका गरीब वस्तीतील रुग्णालयात त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले आणि पुढे केंब्रिजमध्ये गणिताचा हा विद्यार्थी अर्थशास्त्राकडे वळला. डॉक्टरेट त्यांनी कधी केलीच नाही. तरीही वयाच्या २७ व्या वर्षी ते एसेक्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने कल्याणकारी योजना उभारल्या होत्या आणि आपल्या देशातून दारिद्र्य हद्दपार झाले, अशी तेथील सुशिक्षितांची समजूत होती. १९६५ मध्ये ब्रायन एबल-स्मिथ आणि पीटर टाउनसेंड या दोघांनी एका छोट्या पुस्तकाद्वारे या समजुतीला तडा दिला. त्या पुस्तकाने तरुण ॲटकिन्सन अस्वस्थ झाले आणि १९६९ मध्ये ब्रिटनमधील दारिद्र्यावर त्यांचे स्वतःचे पहिले पुस्तक आले. समाधानी समाजाला आरसा दाखवण्याचे काम तेथून सुरू झाले.

१९७० मध्ये त्यांनी विषमता मोजायची कशी या प्रश्नावर एक शोधनिबंध लिहिला. विषय रुक्ष वाटतो. त्यातील विचार मात्र मूलगामी आहे. समजा, दोन घरे आहेत. एकाचे मासिक उत्पन्न १० हजार रुपये, दुसऱ्याचे ३० हजार. सरासरी २० हजार. ॲटकिन्सन विचारतात : दोन्ही घरांना अगदी समान उत्पन्न मिळणार असेल, तर एकूण उत्पन्नात किती घट आपण चालवून घेऊ? जो गरीब घराला मध्यम महत्त्व देतो, त्याच्या हिशेबाने प्रत्येकी सुमारे १७ हजार ३०० रुपये मिळाले तरी समाजाचे हित तेवढेच राहते. म्हणजे विषमता सुमारे १३ टक्के. ज्याची दृष्टी केवळ गरीब घराकडेच आहे, त्याला प्रत्येकी १० हजारही चालतील; त्याच्या मोजणीत विषमता ५० टक्के. घरे तीच, उत्पन्ने तीच, उत्तरे मात्र दोन! तात्पर्य, विषमतेची मोजपट्टी कधीही तटस्थ नसते. मोजणाऱ्याचे मूल्य त्या पट्टीतच कोरलेले असते. तेव्हा अर्थतज्ज्ञाने शास्त्राचा आव आणून आपली मूल्ये दडवू नयेत. ती उघड मांडावीत आणि त्यांवर समाजाने विचार करावा. अर्थकारण आणि नीती यांची फारकत करणाऱ्या आधुनिक विद्येला तिच्याच गणिताच्या भाषेत दिलेले हे उत्तर होते.

त्यानंतर ॲटकिन्सन यांनी जुन्या करनोंदींची दप्तरे उघडली. अमेरिकेतील सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये असा तर्क मांडला होता, की औद्योगिकीकरणाच्या आरंभी विषमता वाढते आणि पुढे ती घटत जाते. पुष्कळांनी या तर्काला निसर्गनियमाचे रूप दिले. ब्रिटनच्या करनोंदी निराळी कथा सांगत होत्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तेथील सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांकडे राष्ट्राच्या एकूण उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा भाग जात होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा वाटा सुमारे ६ टक्क्यांवर आला आणि २००५ पर्यंत तो पुन्हा दुपटीहून अधिक झाला. घसरलेली विषमता पुन्हा चढली, तेव्हा मध्ये काय घडले होते? १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये कमाईवरील आयकराचा सर्वोच्च दर ८३ टक्के होता. त्याच वर्षी तो ६० वर आला आणि १९८८ मध्ये ४० टक्क्यांवर. कामगार संघटनांचे बळ ओसरले, बेकारांना मिळणाऱ्या आधाराच्या अटी कडक झाल्या, सार्वजनिक उद्योग विकले गेले. यातील काही निर्णय आवश्यक होते, काहींबद्दल वाद होऊ शकतो. परंतु ते निर्णय होते, हा मुद्दा महत्त्वाचा. त्याच काळात तेच संगणक नेदरलँड्समध्येही पोहोचले आणि तोच जागतिक व्यापार फ्रान्सलाही करावा लागला. तेथे वरच्या एक टक्क्याचा वाटा ब्रिटनइतका चढला नाही. विषमता पावसासारखी आकाशातून पडत नाही. कायदा, कर आणि कामाच्या अटी यांच्या पाटांतून ती वाहते, आणि पाट माणसेच खणतात.

भारताची कथाही याच पद्धतीने तपासली गेली आहे. अभिजित बॅनर्जी आणि पिकेटी यांनी १९२२ पासूनच्या भारतीय आयकर नोंदी तपासल्या. स्वातंत्र्यानंतर वरच्या एक टक्क्याचा वाटा घटत गेला आणि १९८० च्या दशकात तो पुन्हा चढू लागला, असे त्यांना दिसले. ॲटकिन्सन आणि पिकेटी यांनी २०१० मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात हा अभ्यास समाविष्ट आहे. पुढचा तपशील सांगितल्यावाचून राहवत नाही. २००० च्या सुमारास आपल्या देशात आयकराची सविस्तर आकडेवारी प्रसिद्ध होणेच थांबले आणि २०१६ मध्ये ती पुन्हा प्रकाशित होऊ लागली. ज्या दशकात संपत्ती सर्वाधिक वेगाने वाढली, त्याच दशकात मोजपट्टी कपाटात होती!

आता रोजगाराचा प्रश्न घेऊ. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील बेकारांची संख्या ३० लाखांच्या पुढे गेली. बेकारभत्ता मिळतो म्हणून लोक आळशी झाले आहेत, हा युक्तिवाद तेव्हा जोरात होता. आपल्याकडेही मजुरांविषयी हे वाक्य दिवाणखान्यांतून अधूनमधून ऐकू येते. ॲटकिन्सन आणि त्यांचे सहकारी जॉन मिकलराइट यांनी हा युक्तिवाद १९९१ च्या एका विस्तृत निबंधात पारखला. त्यांचे म्हणणे असे, की पुस्तकी अर्थशास्त्रातला भत्ता आणि प्रत्यक्ष कायद्यातला भत्ता यांत महदंतर आहे. पुस्तकातला बेकार मनाला येईल तेवढा काळ भत्ता घेत घरी बसतो. प्रत्यक्षात स्वतःहून नोकरी सोडली तर भत्ता नाकारला जातो, देऊ केलेले योग्य काम नाकारले तर तो थांबतो, पूर्वी वर्गणी भरलेली नसेल तर विम्याचा हक्क मिळतच नाही. बेकारांपैकी मोठ्या संख्येला विम्याचा लाभ मिळतच नव्हता. ज्याला भत्ता मिळतच नाही, तो भत्त्यामुळे आळशी झाला असे म्हणणे हा कोणता न्याय? कष्टकऱ्याविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी त्याला लागू असलेला नियम वाचावा, एवढी साधी शिस्त ॲटकिन्सन यांनी अर्थतज्ज्ञांना शिकवली.

मजुरीचे मोल केवळ मागणी-पुरवठ्याने ठरते, हेही त्यांनी मानले नाही. वेतन ठरताना दोन्ही बाजूंचे बळ आणि समाजाची न्यायबुद्धी यांनाही स्थान असते. १९९९ मध्ये ब्रिटनने ताशी ३ पौंड ६० पेन्स असे राष्ट्रीय किमान वेतन लागू केले, तेव्हा लाखो नोकऱ्या बुडतील अशी भाकिते वर्तवली गेली होती. ती खरी ठरली नाहीत. यंत्राच्या बाबतीतही त्यांची भूमिका अशीच होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी विषमता कमी करण्यासाठी १५ प्रस्ताव मांडले. त्यांतील पहिलाच असा, की तंत्रज्ञानाच्या दिशेकडे शासनाने डोळसपणे पाहावे आणि माणसाची कार्यक्षमता वाढवणाऱ्या संशोधनाला बळ द्यावे. संशोधनाचा मोठा खर्च अखेर जनतेच्या पैशातून होतो. मग त्यातून कामगार सक्षम होणार की निरुपयोगी, हे विचारण्याचा जनतेला अधिकार का नसावा? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या काळात हा प्रश्न प्रत्येक मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. काल गिरणीतला माग थांबला, आज कचेरीतले टेबल रिकामे होऊ शकते.

कराविषयी त्यांनी मांडलेला एक विचार कोणाही सुजाण माणसाला अंतर्मुख करील. ब्रिटनने २०१३ मध्ये गरिबांसाठीच्या अनेक मदती एकत्र करून नवी योजना आणली. तिचा नियम असा होता, की मदत घेणाऱ्याने अधिक कष्ट करून एक पौंड जादा मिळवून हाती आणला, की मदतीतून ६५ पेन्स कापले जात. म्हणजे झाडूवाल्याच्या किंवा दुकानातल्या विक्रेत्याच्या जादा श्रमावर एका अर्थाने ६५ टक्के कर! त्याच वेळी सर्वाधिक मिळकतीच्या धनिकाला जादा पौंडावर ४५ टक्के आयकर होता. ॲटकिन्सन म्हणाले, गरिबाच्या जादा कष्टावर जे प्रमाण न्याय्य ठरते, तेच धनिकाच्या जादा मिळकतीवर अन्याय्य कसे? सर्वोच्च दर ६५ टक्के असावा, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. पुढे गरिबांची ती कपात २०१७ मध्ये ६३ आणि २०२१ मध्ये ५५ टक्क्यांवर आणली गेली.

येथे आपला अनुभव विसरून चालणार नाही. १९७३-७४ मध्ये भारतात आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. त्याने विषमता मिटली का? प्रामाणिक माणूस दंडित झाला, अप्रामाणिक माणसाने दोन वह्या ठेवल्या आणि काळ्या पैशाचे एक समांतर राज्यच उभे राहिले. अतिरेकी दरांमुळे करचुकवेगिरी फोफावते, हे न्या. वांछू समितीने १९७१ मध्येच बजावले होते. तेव्हा ६५ चा आकडा उचलून आपल्याकडे रोवावा, असे आम्ही सुचवीत नाही. अशा दराने महसूल कितपत वाढेल, याविषयी ब्रिटनमध्येही मतभेद होते आणि ॲटकिन्सन यांनी ते लपवले नाहीत. त्यांच्या युक्तिवादातील तत्त्व मात्र देशकालाच्या पलीकडचे आहे. कराचा भार वाहण्याची ज्याची ऐपत अधिक, त्याचा वाटा अधिक. आणि कष्ट करून वर येऊ पाहणाऱ्याच्या पायात राज्यानेच बेडी घालू नये. सूर्याने जमिनीवरचे पाणी घ्यावे ते पर्जन्यरूपाने परत देण्यासाठी, ही करविषयक कल्पना या देशाला परकी नाही.

ॲटकिन्सन यांच्या १५ प्रस्तावांतील आणखी एक प्रस्ताव महाराष्ट्राला विशेष जवळचा वाटावा. जो काम मागेल त्याला किमान वेतनावर सार्वजनिक काम देण्याची हमी शासनाने घ्यावी, असे त्यांनी सुचवले. ब्रिटनमध्ये २०१५ साली ही सूचना धाडसी वाटली. महाराष्ट्राने तिचा कायदा १९७७ मध्येच केला होता! विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्याच्या तासगाव भागात १९६५ मध्ये या विचाराचा प्रयोग केला. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवाने समाजाचे मन तयार झाले. रोजगार हमीचा कायदा सर्व पक्षांच्या पाठिंब्याने संमत झाला. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते आणि पुढे १९९० पासून फळबाग लागवड अशी कामे त्यातून उभी राहिली. कामावर स्त्रियांची संख्या मोठी होती. हातात स्वतःची मजुरी आलेल्या त्या माउलीला दारात पदर पसरावा लागला नाही.

या योजनेला पैसा कोठून आला? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीसाठी राखले. त्यासोबत इतर काही करांचे उत्पन्न आणि शासनाचा तेवढाच वाटा, अशी तरतूद होती. आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते याच कराचे. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या मजुराच्या भाकरीत आपला वाटा उचलावा, आणि त्या मजुराने तो भीक म्हणून न घेता गावासाठी श्रम करून मिळवावा, अशी ही रचना होती. शहर आणि खेडे, लेखणी आणि कुदळ यांना एका धाग्यात ओवणारी याहून सुंदर करव्यवस्था सापडणे कठीण. वर्गसंघर्षाची एकही घोषणा न देता तिने विषमतेवर घाव घातला.

या कथेची उतरती बाजूही सांगितली पाहिजे. खोटी हजेरीपत्रके, मुकादमांचे हितसंबंध, रखडलेली मजुरी या किडीने योजना पोखरली. कामावरील मजुरांची संख्या पुढे घटत गेली, कराचे उत्पन्न मात्र वाढतच राहिले. केंद्राने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा देशव्यापी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी वर्षाला १२५ दिवसांच्या कामाची हमी देणारा नवा कायदा संमत केला. कायद्याचे नाव आणि दिवस बदलले तरी कसोटी तीच राहते. काम मागणाऱ्याला वेळेवर काम मिळाले का, आणि कामाचा दाम घाम वाळण्यापूर्वी हाती पडला का? व्यवसाय कर भरणारे आपण हा प्रश्न कधी विचारतो काय? पगारपत्रकातल्या त्या २०० रुपयांचा उगम आज किती तरुण नोकरदारांना ठाऊक असेल? कराचे कारण विस्मरणात गेले की कर हा दंड वाटू लागतो, आणि दंड चुकवण्यात कोणालाच लाज वाटत नाही.

ॲटकिन्सन यांच्या संशोधनाचे मर्म एका वाक्यात सांगता येते : विषमता ही आपल्या निर्णयांची बेरीज आहे. हे निर्णय केवळ अर्थमंत्री घेत नाहीत. पावतीशिवाय पैसे घेणारा व्यावसायिक आणि पावती नको म्हणून थोडे स्वस्त मागणारा ग्राहक, हे दोघेही निर्णय घेत असतात. आपल्या सोसायटीचा पहारेकरी कंत्राटदारामार्फत बारा बारा तास उभा असतो. त्याचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे सभासदांपैकी कोणी पाहते काय? घरकाम करणाऱ्या बाईंना आठवड्याची सुट्टी आणि आजारपणातला पगार मिळतो का? कारखानदार असू, तर कायमस्वरूपी कामावर वर्षानुवर्षे हंगामी माणूस ठेवणे आपल्या मनाला पटते का? समाज एकरूप व्हावा असे ज्यांना वाटते, त्यांनी ही एकरूपता सभेतल्या भाषणाआधी वेतनाच्या पाकिटात शोधली पाहिजे. उपाशी पोटाला आणि अपमानित श्रमाला आपलेपणाची भाषा कळत नाही, आणि त्याचा दोष त्या पोटाकडे जात नाही.

म्हणून कार्यकर्त्यांसाठी तीन कामे सुचवावीशी वाटतात. आपल्या तालुक्यात काम मागणारे किती, काम मिळालेले किती आणि मजुरी थकलेले किती, याची नोंद प्रत्यक्ष वस्तीवर जाऊन करावी. कारण मोजल्यावाचून न्याय होत नाही. आपल्या परिसरातील कंत्राटी कामगारांना, पहारेकऱ्यांना, घरकामगारांना त्यांच्या हक्काच्या नोंदणीसाठी हात द्यावा. आणि स्वतःचा कर पूर्ण, वेळेवर भरून त्याचा हिशेब शासनाकडे ताठ मानेने मागावा. जो कर भरतो त्यालाच जाब विचारण्याचा नैतिक अधिकार असतो.

ॲटकिन्सन दीर्घ आजाराशी झुंजत असतानाही अखेरपर्यंत दारिद्र्याच्या मोजणीवर काम करीत होते. ते पुस्तक त्यांच्या पश्चात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपण हतबल नाही, हा विश्वास त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत टिकून होता. पागे यांच्या महाराष्ट्राने तो विश्वास एकदा कृतीत उतरवून दाखवला आहे. तो पुन्हा उतरवण्यासाठी लागणारी बुद्धी आणि साधने आपल्यापाशी आहेत. उणीव आहे ती निर्धाराची, आणि निर्धार परदेशातून आयात करता येत नाही.